सांगितलं होतं ना त्यांनी?

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. लहानपणी मला वाटायचं, इथे सिमल्याच्या सफरचंदांचं काहीतरी ऑफिस असणार! मग कधीतरी बाबांनी सांगितलं की ही वेधशाळा. इंग्रजांच्या काळात हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याला होतं, ते १९२८ साली पुण्यात आलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या तोंडी नाव बसलं ते बसलंच.

त्या इमारतीवरून जाताना बाबांचा एक ठरलेला विनोद असायचा. “वेधशाळा म्हणतेय पाऊस. म्हणजे आज छत्री नको.” तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी हाच विनोद झाला असेल. आम्ही दरवेळी हसायचो. त्या हसण्याची सवय मी सामानात भरून अमेरिकेत घेऊन आले, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

ती गोष्ट आधी सांगते. इतिहास नंतर.

१३ डिसेंबर २००७, गुरुवार. आम्ही बोस्टनच्या पश्चिमेला राहतो. माझं ऑफिस तेव्हा रूट १२८ वर होतं, लेक तीन वर्षांची, डेकेअरमध्ये. आदल्या रात्री नेहमीप्रमाणे पुण्याला फोन झाला. बोलता बोलता मी बाबांना म्हटलं, “उद्या दुपारी बारानंतर स्नो म्हणतायत. जोरात पडणार आहे म्हणे.” बाबा म्हणाले, “मग लवकर घरी ये.” मी म्हटलं, “बघू हो, इथेही सिमला ऑफिसच आहे.” दोघंही हसलो.

सकाळी बाहेर पाहिलं तर सगळं कोरडं. ऑफिसात अकरा वाजता एक मीटिंग होती, ती सोडून निघणं काही मला जमलं नाही. बाराच्या सुमारास खिडकीबाहेर पहिले कण दिसले. एक वाजता साहेबांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. आसपासच्या प्रत्येक ऑफिसातल्या साहेबांना तेच, त्याच वेळी सुचलं होतं. शाळाही तेव्हाच सुटल्या. सगळा बोस्टन एकदम रस्त्यावर आला, आणि तासाला इंच-दोन इंच या वेगाने स्नो पडायला लागला. बर्फ काढणारे प्लाऊसुद्धा आमच्यासारख्यांच्या गाड्यांमध्येच अडकले होते, मग रस्ता साफ करणार कोण?

एरवी पस्तीस मिनिटांचा रस्ता. मला साडेसहा तास लागले. नवरा त्या आठवड्यात कामासाठी कॅलिफोर्नियात. डेकेअर सहाला बंद होतं. साडेपाचला मी फोन केला, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, “काळजी करू नको, मी आहे.” मग माझ्या सेलफोनची बॅटरी संपली. पुढचे दोन तास मी काचेवर सरकणारे वायपर बघत बसले होते. पेट्रोलचा काटा खाली चालला होता म्हणून हीटर मधूनमधून बंद करत होते. आजूबाजूला लोक गाड्या तशाच सोडून चालत निघाले होते. मीही दोनदा दार उघडलं आणि दोनदा बंद केलं.

पावणेआठला पोचले. लेक खुर्चीत झोपली होती, अंगावर त्या बाईंचा कोट. त्यांची स्वतःची दोन मुलं घरी वाट पाहत होती, हे मला नंतर कळलं.

घरी येऊन आधी पुण्याला फोन केला. तिथे सकाळचे सात वाजून गेले होते. एका रिंगमध्ये बाबांनी उचलला. पहाटेपासून ते फोनशेजारी बसून होते. मी सगळं सांगितलं, थोडं रडलेही. बाबा ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “सांगितलं होतं ना त्यांनी?”

आयुष्यभर वेधशाळेला हसलेला माणूस हे म्हणत होता!

आणि खरंच, सांगितलं होतं. दुपारी बारा म्हणाले होते, बाराला सुरू झाला. जोरात म्हणाले होते, दहाएक इंच पडला. त्यांची काही चूक नव्हती. त्यानंतर मला या विषयाचा नादच लागला. हे लोक बर्फ आधी सांगायला शिकले कसे? आणि ते बरोबर सांगत असूनही माणसं अडकतात कशी? वाचत गेले तसं लक्षात आलं की हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत.

सुरुवात करायची तर १८८८ पासून करावी लागते. त्या एका वर्षात अमेरिकेवर दोन भयंकर हिमवादळं आली. तेव्हा इथलं हवामान खातं चक्क लष्कराच्या ताब्यात होतं, ‘सिग्नल कोअर’कडे. कारण सोपं आहे. हवामान सांगायचं तर दूरदूरच्या ठिकाणांहून वारा, तापमान, हवेचा दाब यांच्या नोंदी एकाच वेळी मिळायला हव्यात. त्या पाठवायला तार हवी, आणि शिस्तीत रोज ठरल्या वेळी नोंदी घेणारी माणसं हवीत. ही शिस्त लष्कराकडे होती.

१२ जानेवारी १८८८ ची सकाळ नेब्रास्का आणि डकोटाच्या माळरानावर चांगलीच उबदार उजाडली. कित्येक दिवसांच्या कडाक्यानंतरची ऊब. मुलं जाड कोट घरी ठेवून शाळेत गेली, शेतकरी गुरं घेऊन बाहेर पडले. त्या टापूचा अंदाज मिनेसोटातल्या सेंट पॉलहून निघत असे. लेफ्टनंट थॉमस वुडरफ नावाचे अधिकारी तिथे होते. थंडीच्या लाटेचा इशारा त्यांच्या कार्यालयातून खरं तर निघालाही होता. पण तो जायचा कुठे? तारघर असलेल्या गावांत थंडीच्या लाटेचं निशाण चढवलं जायचं, पांढऱ्या झेंड्यावर मधोमध काळा चौकोन. मैलोन् मैल दूर असलेल्या एका खोलीच्या शाळेतून तो झेंडा दिसणार कसा? वादळ आलं तेव्हा अनेक ठिकाणी मुलं शाळेत किंवा घरच्या वाटेवर होती. पिठासारखा बारीक बर्फ, हाताच्या अंतरावरचंही दिसेना. साधारण २३५ माणसं गेली असं मानलं जातं, त्यात कितीतरी मुलं. म्हणून त्याचं नावच ‘मुलांचं हिमवादळ’ असं पडलं.

त्या दिवसाच्या आठवणींत नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेचं नाव येतं. शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा तिने सगळ्या मुलांना सुखरूप एका शेतघरापर्यंत नेलं. मुलांना दोरीने एकमेकांशी बांधलं होतं की नाही, यावर लोक अजून वाद घालतात. मला मात्र ते वाचताना आमच्या डेकेअरच्या बाईंचा कोट आठवला.

दोन महिन्यांनी, मार्चच्या ११ ते १४ तारखांना, दुसरं वादळ पूर्व किनाऱ्यावर आलं. न्यूयॉर्कमध्ये हवा वसंतासारखी होती आणि शनिवारच्या अंदाजात हिमवादळाचं नावही नव्हतं. रविवारी पाऊस, रात्री त्याचा बर्फ, आणि सोमवारी शहर गाडलं गेलं. न्यूयॉर्कात २१ इंच, वर ऑल्बनीकडे ४८. एकूण चारशेच्या वर बळी, त्यातले निम्मे एकट्या न्यूयॉर्कमध्ये. रॉस्को काँकलिंग नावाचे बडे राजकारणी, माजी सिनेटर, त्या सोमवारी वॉल स्ट्रीटहून घरी पायी निघाले. बर्फातून कसेबसे युनियन स्क्वेअरपर्यंत पोचले, तिथे कोसळले, आणि त्या दुखण्यातून उठलेच नाहीत. एप्रिलमध्ये गेले. तारा तुटल्यामुळे बोस्टन आणि न्यूयॉर्क या दोन शहरांचे निरोप समुद्राखालच्या तारेने इंग्लंडमार्गे पाठवावे लागले म्हणतात. शहरातल्या तारा जमिनीखाली घालायचं आणि भुयारी रेल्वे बांधायचं बोलणं त्यानंतर जोर धरू लागलं.

यातली गंमत बघा. याच दशकात, १८८४ साली, आपल्याकडे हवामान खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फाचं मोजमाप करून पावसाळ्याचं भाकीत करू पाहत होते. हिवाळ्यात हिमालयात बर्फ जास्त तर पुढचा मॉन्सून कमजोर, असा त्यांचा आडाखा. १८७७ च्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या. तिकडे पडलेल्या बर्फावरून पुढचा पाऊस सांगायचा प्रयत्न चालला होता आणि इकडे उद्याचा बर्फही सांगता येत नव्हता. माझ्या दोन्ही गावांचा असा संबंध असेल हे मला कुठे माहीत होतं!

असो. इथल्या बर्फाचा अंदाज इतका अवघड का, तेही थोडं सांगते. कॅनडातून थंड, कोरडी हवा खाली येते. शेजारच्या समुद्रात गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी. दोघांची गाठ पडते तिथे किनाऱ्याला समांतर एक वादळ फोफावतं, त्याला इथे ‘नॉरईस्टर’ म्हणतात, कारण वारे ईशान्येकडून येतात. हे वादळ किनाऱ्याला फार चिकटून गेलं तर समुद्राची ऊब आत येते आणि नुसता पाऊस पडतो. फार दूर गेलं तर काहीच नाही. बेताच्या अंतरावरून गेलं तर दोन फूट बर्फ. शिवाय एक इंच पावसाचं पाणी म्हणजे साधारण दहा इंच स्नो, त्यामुळे पाण्याच्या हिशोबात झालेली छोटी चूक बर्फात दसपट दिसते. पुण्यात पाव इंच पाऊस कमी पडला तर कोणी विचारतही नाही. इथे तेवढ्याने शाळा बंद ठेवायची की नाही हे ठरतं.

हा हिशोब गणिताने मांडता येईल असं लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला वाटलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता त्याने हाताने आकडेमोड करून सहा तासांचा अंदाज काढून पाहिला. उत्तर साफ चुकलं! तरी त्याने १९२२ साली ते पुस्तकात छापलं, स्वतःच्या चुकीसकट. जगाचं हवामान वेळेत मोजायला ६४,००० माणसं एका दालनात बसवून आकडेमोड करावी लागेल, असं त्याचं स्वप्न होतं. १९५० साली अमेरिकेत एनिॲक या संगणकावर ते पहिल्यांदा जमलं. फक्त चोवीस तासांचा अंदाज काढायलाच जवळपास चोवीस तास लागले. म्हणजे उद्याचं हवामान उद्याच कळणार! पण वाट सापडली होती. १९५५ पासून इथे संगणकाचे अंदाज रोजच्या कामात आले.

आणि मग येतं १९७८. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

सोमवार, ६ फेब्रुवारी १९७८. बोस्टनला मोठं वादळ येणार हे संगणक सांगत होता, हवामानवाल्यांनी ते लोकांना सांगितलंही होतं. पहाटे सुरू होईल, असा अंदाज होता. लोक सकाळी उठले, खिडकीतून पाहिलं, रस्ते कोरडे. ‘चुकले परत!’ असं म्हणून कामावर गेले. बर्फ दहाच्या सुमारास सुरू झाला. काही तासांचा उशीर, बस. दुपारी सगळे एकदम घरी निघाले आणि रूट १२८ वर सुमारे तीन हजार मोटारी आणि पाचशे ट्रक गाडले गेले. काही जण बंद गाडीत इंजिनाच्या धुराने गुदमरून मेले. त्या रात्री बोस्टन गार्डनमध्ये आइस हॉकीचे सामने होते, बघायला गेलेली काही मंडळी पुढे कित्येक दिवस तिथेच मुक्कामाला. बोस्टनला २७.१ इंच बर्फ, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड मिळून शंभराच्या आसपास बळी, जवळजवळ आठवडाभर खासगी गाड्यांना बंदी. गव्हर्नर डुकाकिस रोज स्वेटर घालून टीव्हीवर यायचे, ते स्वेटर जुन्या लोकांना अजून आठवतात. अंदाज ऐकला की इथले लोक दूध-ब्रेड आणायला धावतात ती सवयही तेव्हापासूनचीच, असं आमची शेजारीण म्हणते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. तोच रस्ता, तीच कोरडी सकाळ. एकोणतीस वर्षांनी मी तेच केलं होतं, आणि माझ्याकडे तर तो उशीर झाल्याची सबबसुद्धा नव्हती. १८८८ मध्ये सांगणाऱ्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते पोचत नव्हतं. १९७८ मध्ये माहीतही होतं आणि पोचलंही होतं. ऐकणाऱ्याने खिडकीबाहेर बघितलं आणि खिडकीवर विश्वास ठेवला.

मग विश्वास कसा बसतो? मार्च १९९३ चं उदाहरण इथे सगळे देतात. डिसेंबर १९९२ पासून अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे एक नवी पद्धत रोजच्या वापरात आली होती. सुरुवातीच्या आकड्यांत जरा जरा फरक करून संगणकाकडून एकाऐवजी अनेक अंदाज काढून घ्यायचे. सगळे एकाच बाजूला झुकले तर खात्री जास्त, विखुरले तर कमी. थोडक्यात, ‘काय होईल’च्या जोडीला ‘आम्हाला किती खात्री आहे’ हेही कळू लागलं. त्या मार्चमध्ये लुईस उचेलिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ पाच दिवस आधी धोक्याची सूचना द्यायला सुरुवात केली, आणि बर्फाचा पहिला कण पडायच्या आधीच काही राज्यांच्या गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली. असं पूर्वी झालं नव्हतं. वादळ अलाबामापासून मेनपर्यंत पसरलं. दोनशेच्या वर माणसं तरीही गेली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर रात्री समुद्र घराघरांत शिरला, तेवढ्याची कल्पना लोकांना नीट मिळाली नव्हती. पण किती वाचली असतील, ते मोजायला साधन नाही. न झालेल्या अपघाताची नोंद कोण ठेवणार?

याच उचेलिनींच्या वाट्याला बावीस वर्षांनी दुसरी बाजू आली. तेव्हा ते राष्ट्रीय हवामान सेवेचे प्रमुख होते. २६ जानेवारी २०१५. न्यूयॉर्कला दोन फूट, कदाचित त्याहून जास्त बर्फ पडणार असं सांगितलं गेलं. शहरातली भुयारी रेल्वे बर्फासाठी म्हणून बंद ठेवली, तिच्या शंभरावर वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा. वादळ अंदाजापेक्षा जरा पूर्वेकडून गेलं. सेंट्रल पार्कात ९.८ इंच. फिलाडेल्फियाकडे तर बोटभर! दक्षिण जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने दुसऱ्या दिवशी फोन करून खिजवलं, “तुमची वेधशाळा शेवटी पुण्याचीच निघाली की गं!” त्या भागाच्या हवामान कार्यालयातले गॅरी झॅटकोव्स्की यांनी रातोरात ट्विटरवर जाहीर माफी मागितली, अंदाज चुकला म्हणून.

मी तिला म्हटलं, “इकडे ये आणि माझा ड्राइव्हवे साफ कर.” त्याच वादळाने बोस्टनला २४.६ इंच दिला होता आणि आमच्या पश्चिमेला वुस्टरमध्ये ३४.५. थोड्या मैलांचा फरक, एकीकडे माफी आणि दुसरीकडे तंतोतंत अंदाज. ती तर नुसती सुरुवात होती. त्यानंतर महिनाभर दर आठवड्याला एक वादळ. तीस दिवसांत बोस्टनला ९४ इंचांच्या वर बर्फ, अख्ख्या हिवाळ्यात ११०.६, शहराचा विक्रम. प्रत्येक वादळ आधी सांगून आलं. आम्ही त्या महिन्यात घरात दूध, डाळ-तांदूळ आणि मेणबत्त्या भरून बसलो होतो, कंटाळलो होतो, पण एकदाही रस्त्यावर अडकलो नाही.

मला ती माफी मात्र विसरता येत नाही. आपल्या अंदाजावर कोणी दुकान बंद ठेवलं, कोणाची दिवसाची मजुरी बुडाली, याची जाणीव त्या माणसाला होती. चुकीसकट पुस्तक छापणाऱ्या रिचर्डसनच्या कुळातलाच तो. आम्ही ऐकणारे मात्र हिशोब फक्त त्यांच्या चुकांचा ठेवतो. बाबांचा छत्रीचा विनोद वर्षानुवर्षं टिकला. वेधशाळेने बरोबर सांगितलेल्या दिवसांचा विनोद कोणी करत नाही.

लेक आता मोठी झाली, कॉलेजला गेली. तिला ती रात्र आठवत नाही. कोट आठवतो म्हणते, पण तो माझ्या सांगण्यातून आठवत असणार. बाबा पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत. हिवाळा लागला की त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला, “किती इंच म्हणतायत?” मी आकडा सांगते, किती वाजता सुरू होणार ते सांगते. मग ते विचारतात, “आणि तू किती वाजता निघणार?”

मी म्हणते, “त्याच्या दोन तास आधी.”

मागच्या हिवाळ्यात एकदा मी अशीच सकाळी दहाला ऑफिसातून निघून आले आणि दिवसभर एक कणही पडला नाही. संध्याकाळी बाबांना सांगितलं. वाटलं, आता छत्रीचा विनोद येणार. बाबा म्हणाले, “बरं झालं. घरी होतीस ना?”